लेकरू मोठं झालं, आता दवाखाना कोणता?

केस पेपरच्या खिडकीत बसलेल्या माणसानं वय विचारलं. आई म्हणाली, "तेरावं लागलं." त्यानं कागदावर मेडिसिनचा शिक्का मारला आणि डावीकडच्या लाइनीकडे बोट केलं.

"पण आमचे डॉक्टर तिकडं बसतेत ना जी, लहान पोरायच्या ओपीडीत."

"बारा वर्षांवरचे इकडं."

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळं हातपाय ताठर, जोडीला फिट येतात. बारा वर्षं त्याला एकाच डॉक्टरांनी पाहिलं होतं. कोणतं औषध त्याला मानवत नाही, ताप चढला की काय होतं, आई कशाला घाबरते, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कागदावर फारसं नव्हतं. दोन तासांनी आमचा नंबर लागला तेव्हा नव्या डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास आहे?" आईनं एकदा भावाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाली, "तसा काही नाही जी, गोळ्या संपल्या." गोळ्या मिळाल्या, आम्ही आर्वीची एसटी धरली. पुढची चार वर्षं असंच चाललं. त्या चार वर्षांत त्याचं जे नुकसान झालं ते कुणा एका डॉक्टरच्या चुकीनं झालं असं मी म्हणणार नाही. ते दोन ओपीडींच्या मधल्या व्हरांड्यात झालं.

पहिला घोळ वयाचाच आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना 18 वर्षांपर्यंतचं मूल आपलं मानते. शाळेत आणि अंगणवाडीत गाडी घेऊन तपासायला येणारं पथक, म्हणजे 2013 साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, तोही 18 वर्षांपर्यंतचा. पण पुष्कळ सरकारी दवाखान्यांत मुलांचा वॉर्ड 12 वर्षांना संपतो, कुठे 14 ला. म्हणजे पंधरा वर्षांचा पोरगा एका रजिस्टरमध्ये लेकरू आणि दुसऱ्यात बाप्या माणूस. शाळा सुटली की आणखी एक दोर तुटतो. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक, थेरपीचं शिबिर, साहित्याचं वाटप, तपासणी पथकाची वर्षातून एकदा येणारी गाडी, हे सगळं शाळेच्या पटावर नाव असेपर्यंत. आमच्याकडं अपंग लेकरू आठवीनंतर बहुतेक घरीच राहतं. मग अठराची वाट कोण पाहतो? त्याची बालरोग सेवा तेव्हाच संपलेली असते.

दुसरी गोष्ट समजून घ्यायची ती दोन्हीकडच्या कामाच्या पद्धतीची. बालरोगतज्ज्ञ अख्खं मूल पाहतो: फिट, वजन, लस, शाळा, सगळं एकाच टेबलावर. मोठ्यांच्या दवाखान्यात शरीराची वाटणी झालेली असते. फिटसाठी न्यूरो, हाडासाठी ऑर्थो, लघवीसाठी युरो, छातीसाठी मेडिसिन. प्रत्येकाचा वार वेगळा, इमारतही कधी कधी वेगळी. आणि या सगळ्यांत मधला दुवा कोणी नसतो. शिवाय सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम, स्पायना बिफिडा (पाठीचा कणा जन्मतः नीट न मिटणं) हे विषय फिजिशियन, म्हणजे मोठ्यांचा डॉक्टर, शिकतो ते मुलांच्या आजारांत. पूर्वी यातली बरीच लेकरं मोठी होईपर्यंत जगतच नसत. आता नवजात शिशू कक्षांमुळे, औषधांमुळे ती जगतात, विशी-तिशी गाठतात, आणि मोठ्यांच्या दवाखान्याला हा पाहुणा नवा आहे.

बाहेर देशांत यावर बराच विचार झाला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि फिजिशियनांच्या संघटनांनी मिळून 2011 साली मार्गदर्शन काढलं, 2018 ला ते सुधारलं. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं 2016 साली आपलं काढलं. सगळ्यांचं म्हणणं ढोबळमानानं एकच: एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडं जाणं हा एका दिवसाचा प्रकार असला, तरी त्याची तयारी बारा-चौदाव्या वर्षी सुरू करा आणि पुढची काही वर्षं चालू ठेवा. या तयारीला इंग्रजीत ट्रान्झिशन म्हणतात. मराठीत संक्रमण म्हणावं, तर माझी आई विचारेल, "कशाचं झालं संक्रमण? ताप हाय का?" मला आपले दोन जुने शब्द बरे वाटतात. एक बदली आणि दुसरा पाठवणी. बदलीचा हुकूम येतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी पेटी उचलतो. पाठवणीची तयारी सहा महिने चालते, काय द्यायचं, कुणाला काय सांगायचं, पहिल्या खेपेला सोबत कोण जाणार, सगळं ठरतं. आपल्याकडं लेकरांची बदली होते, पाठवणी होत नाही.

या फरकानं जीव जातो का? सिकलसेलमध्ये जातो, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या, आई-बापाकडून येणाऱ्या आजारात. आणि पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात, हा आजार घराघरांत माहीत आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ज्या 21 प्रकारांना अपंगत्व मानलं त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही आहेत, हे मात्र पुष्कळांना अजून माहीत नाही. अमेरिकेतल्या डॅलस शहरात सिकलसेलच्या मुलांचा कित्येक वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास 2010 साली छापून आला. बालपणातले मृत्यू खूप कमी झाले होते. पण जे अलीकडचे मृत्यू होते ते बहुतेक अठरा वर्षांनंतरचे, मोठ्यांच्या उपचारांकडं गेल्यावर थोड्याच काळात झालेले. तिथं हे होतं, तर आपल्याकडं रात्री अकरा वाजता काळी-पिवळी शोधणाऱ्या बापाचं काय सांगावं.

होतं असं. सिकलसेल असलेल्या पोराला हातापायांत, पाठीत मरणाच्या कळा येतात. लहान वॉर्डातली सिस्टर त्याला ओळखते, आल्या आल्या सलाइन लावते. तोच पोरगा एकोणीस वर्षांचा होऊन कॅज्युअल्टीत गेला आणि म्हणाला, "साहेब, मागच्या वेळी त्या इंजेक्शननं फरक पडला होता," की समोरच्या तरुण डॉक्टरला शंका येते, हा नशेवाला तर नाही? वरून बघायला तो धडधाकट. हातात एक कागद असेल, त्यावर निदान, नेहमीचं हिमोग्लोबिन किती, कळ आल्यावर कशानं थांबते आणि खाली जुन्या डॉक्टरांची सही, तर हा संशय अर्ध्या मिनिटात मिटतो.

मोठं होताना या आजाराचे प्रश्नही बदलतात. लहानपणी भीती तापाची आणि जंतुसंसर्गाची. ती राहतेच, 101 च्या वर ताप गेला की दवाखाना. पण आता खुब्याचं हाड रक्तपुरवठ्याअभावी झिजायला लागतं. पोरगं लंगडतं, घरचे म्हणतात आळस करतो. डोळ्यांचा पडदा, लघवीतून जाणारं प्रोटीन हे वर्षातून एकदा तपासायचं, दुखत नसलं तरी. हायड्रॉक्सियुरिया हे कळा कमी करणारं औषध चालू असेल तर ठरलेल्या अंतरानं रक्ततपासणी हवीच, आणि लग्न ठरलं, मूल हवं असं वाटलं की आधी डॉक्टरांशी बोलायचं, कारण हे औषध गरोदरपणात चालत नाही. तरुण पोरांमध्ये लिंगाचा ताठरपणा दुखत दुखत तासन्‌तास राहू शकतो. चार तासांवर गेला तर ती इमर्जन्सी आहे, नाही तर कायमचं नुकसान होतं. आता सांगा, ही गोष्ट कोणता पोरगा मायसमोर डॉक्टरला सांगेल? म्हणूनच तेरा-चौदाव्या वर्षापासून प्रत्येक भेटीत पाच मिनिटं पोरानं एकट्यानं डॉक्टरशी बोलायला हवं. आईनं बाहेर बाकावर बसायचं. सुरुवातीला तिला राग येतो, येऊ द्या.

आणि कामाचं. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या पुढं जातो. सिकलसेलच्या माणसाला पाणी कमी पडलं की कळ उठते. लहानपणी आई बाटली हातात देते. एकोणीसचा झाला की तो तेंदूपत्त्याला नाही तर रोजगार हमीच्या कामावर जातो आणि कुणाला काही सांगत नाही. कोणतं काम झेपेल, हेही डॉक्टरांशी बोलायचं आहे, ते काही औषधापेक्षा कमी नाही. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत या आजाराच्या आदिवासी भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे. पोराचं तपासणीचं कार्ड निघालं असेल तर ते फक्त लग्न जुळवताना काढायचं नसतं. लग्नासाठीही काढा, अर्थातच. दोघंही वाहक, म्हणजे स्वतःला आजार नसून दोष पुढं देणारे, असतील तर प्रत्येक खेपेला मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक.

आता सेरेब्रल पाल्सी. डॉक्टर सांगतात की मेंदूची इजा वाढत नाही. ते खरं आहे. पण शरीर वाढतं, आणि घात तिथं होतो. बारा ते सोळा या वर्षांत हाडं भराभर लांबतात, ताठर स्नायू तेवढे लांबत नाहीत. गुडघे वाकतात, टाच उचलते, खुबा सरकतो, पाठीला बाक येतो. ज्या वर्षांत फिजिओथेरपी आणि खुब्याचा एक्स-रे सगळ्यांत जास्त हवा, नेमका त्याच वर्षांत बालरोग विभाग सुटतो आणि शाळाही. माझ्या भावाचा उजवा खुबा याच चार वर्षांत सरकला. लहानपणी पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, बांधून तो अंगणात चालायचा. सायकल, खुर्ची, कॅलिपर, सगळं आखूड होत जातं, आणि अपंगांना साहित्य देणाऱ्या सरकारच्या एडीप योजनेत बारा वर्षांखालच्या मुलाला वर्षभरानं पुन्हा साहित्य मिळतं, त्यावरच्याला तीन वर्षं थांबावं लागतं. ज्यानं हा नियम केला त्यानं चौदा वर्षांचा पोरगा वर्षात किती वाढतो ते पाहिलेलं नसावं.

वजनाचा आणखी एक हिशोब आहे. लहान मुलांच्या गोळीचा डोस किलोवर ठरतो. नव्या ओपीडीत "मागचंच चालू ठेवा" असं लिहून मिळालं की वीस किलोचा डोस पंचेचाळीस किलोच्या पोराला चालू राहतो. फिट वाढतात, घरचे म्हणतात आजार बळावला. आमच्याकडं हेच झालं. म्हणून प्रत्येक खेपेला वजन लिहून घ्या आणि तोंडानं विचारा, "याच्या आताच्या वजनाला हा डोस पुरतो का?"

मुलगी असेल आणि फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर हा परिच्छेद दोनदा वाचा. हे औषध स्वस्त आहे, चांगलं आहे, सरकारी दवाखान्यात सहज मिळतं. पण गरोदरपणी पोटातल्या बाळाला त्यानं व्यंग येऊ शकतं, बुद्धीच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. लहान मुलीला ते देताना हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही, आणि मोठ्यांच्या ओपीडीत सगळे धरून चालतात की याचा विचार आधी झालाच असेल. पाळी सुरू झाली की डॉक्टरांना विचारा, बदलता येईल का. स्वतःहून मात्र एक दिवसही बंद करू नका. अचानक बंद केलं तर न थांबणारी फिट येऊ शकते आणि त्यात माणूस जातो. अपंग मुलीच्या पाळीबद्दल, तिच्या अंगाला कुणी हात लावतं का याबद्दल, लग्नाबद्दल बोलायला आपल्याकडं कुणी तयार नसतं. "तिला काय कळतं" म्हणून सोडून देतात. तिला कळतं. ग्रामीण रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत दहा ते एकोणीस वयासाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथली समुपदेशक ताई हे बोलण्यासाठीच बसलेली असते.

मग घरानं काय करायचं? सगळ्यांत आधी, फाईल. आमच्या घरी भावाची फाईल म्हणजे एक फुगलेली पिशवी होती, त्यात सोयाबीनच्या बिलापासून ईईजीपर्यंत, म्हणजे मेंदूच्या आलेखापर्यंत, सगळं. डॉक्टर ती पिशवी उघडत नाहीत, आणि त्यांच्या बाहेर दीडशेची लाइन असते, त्यांनाही दोष देता येत नाही. त्यांना एक पान हवं. बालरोगाच्या डॉक्टरांकडून शेवटच्या भेटीत नव्हे, वर्षभर आधी मागायचं. त्यावर आजाराचं पूर्ण नाव, आताच्या गोळ्या आणि डोस, पूर्वी कोणतं औषध दिलं आणि का बंद केलं, कशाची ॲलर्जी, कोणती ऑपरेशनं झाली, लसी, शेवटच्या महत्त्वाच्या तपासण्या, आणि इमर्जन्सीत सगळ्यात आधी काय करायचं. डोक्यात शंट, म्हणजे मेंदूतलं पाणी काढणारी नळी, असेल तर ते ठळक. स्पायना बिफिडाच्या मुलांना रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असू शकते, तेही ठळक. त्याखाली मी आमच्या मनानं दोन ओळी जोडल्या: "याला सगळं समजतं. बोलायला वेळ लागतो, थांबा." या दोन ओळींचा उपयोग बाकीच्या पानाइतकाच होतो. पानाच्या झेरॉक्स काढा, एक फोटो मोबाइलमध्ये, एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलमध्ये.

दुसरं, जवळचा एक डॉक्टर धरा. न्यूरोचे डॉक्टर नागपूरला, सेवाग्रामला किंवा सावंगीला असतील, पण रात्री ताप आला तर उपयोग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरचा. तब्येत चांगली असताना एकदा पोराला घेऊन त्यांच्याकडं जा, ते एक पान त्यांच्याकडं ठेवा. आशाताईलाही माहीत असू द्या. केंद्रातून ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलता येतं. साध्या डोसच्या प्रश्नासाठी दीडशे किलोमीटर जाण्याची गरज नसते. जायचंच असेल तर दिव्यांगांना एसटीत 75 टक्के सवलत आहे, सिकलसेलच्या रुग्णांना साध्या बसमध्ये पूर्ण. कोणता दाखला लागतो ते आगारात आधी विचारून ठेवा, कंडक्टरशी वाद घालण्यात अर्थ नाही. आणि जमलं तर पाठवणीसारखं करा: जुने डॉक्टर सोडण्याआधीच नव्यांकडं एक खेप टाका, म्हणजे काही अडलं तर परत विचारायला कुणीतरी असतं.

तिसरं कागदांचं, आणि हे कंटाळवाणं असलं तरी यानंच माणसं अडकतात. पंधराव्या वर्षी आधारचे ठसे नव्यानं द्यावे लागतात. ते राहिलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नेमकं ऑपरेशनच्या दिवशी अडतं. बोटं उघडत नसतील तर ठसे न घेता नोंद करण्याची सोय आहे, केंद्रावर तसं ठामपणे सांगा. लहानपणी पालकाच्या सहीनं उघडलेलं बँक खातं अठराव्या वर्षी बदलून घ्यावं लागतं. अपंगत्वाचा लहानपणचा दाखला तात्पुरता असेल तर मुदत पाहा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र 8, 14 आणि 18 व्या वर्षी तपासून घ्यायचं असतं आणि अठराव्या वर्षीचं आयुष्यभर चालतं.

अठरा पूर्ण झाली की कायद्यानं सही त्याची. ऑपरेशनची संमती त्याची. चाकाच्या खुर्चीत बसतो, बोलणं अडखळतं, म्हणून ती सही बापाची होत नाही. नुसत्या शारीरिक अपंगत्वाला पालक लागत नाही. ज्यांना खरंच निर्णय समजत नाहीत त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. दुसरी वाट 2016 च्या कायद्यातल्या मर्यादित पालकत्वाची, त्यात ठरावीक निर्णयापुरता, ठरावीक काळापुरता आधार देणारा माणूस असतो आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो. ज्याला समजतं त्याच्यावर उगाच पालक बसवू नका. एकदा बसवला की बँकेपासून दवाखान्यापर्यंत त्याला विचारणंच बंद होतं. राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या वरच्या चार प्रकारांसाठी न्यासाची निरामय ही विमा योजना आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत. तिच्यात ओपीडी आणि थेरपीचाही खर्च बसतो, जो फुले योजनेत बसत नाही.

हे सगळं करूनही सोपं नाही होत. नागपूरच्या ओपीडीत मोठ्या माणसाला झोपवून डायपर बदलायला जागा नाही, एसटीची पायरी तेवढीच उंच आहे, आणि आईची कंबर पूर्वीची नाही. ती 50 किलोचा मुलगा उचलते. तिच्या कंबरेचा केस पेपर कुणी काढत नाही.

भाऊ आता बावीस वर्षांचा आहे. चौदाव्या वर्षी जे शिकवायला हवं होतं ते आम्ही विसाव्या वर्षी सुरू केलं: गोळीचं नाव, किती वाजता, फिट येण्याआधी काय वाटतं. महिन्याभरापूर्वी ओपीडीत डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे आईलाच विचारलं, "गोळ्या वेळेवर घेतो ना?" आई म्हणाली, "हो जी, एक नाही चुकत." भावानं तोंड उघडलं, शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. डॉक्टर थांबले.

"रातची," तो म्हणाला, "कधी कधी, गादीखाली ठेवतो. झोप लय येते तिनं."